एआरडीएस: गंभीर न्यूमोनियानंतर फुप्फुसं साथ सोडू लागतात तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाईकांना डॉक्टर दिवसातून एकदा, फार तर दोनदा भेटतात. पाच मिनिटांत जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं कळत नाही आणि कळलेलं निम्मं घरी पोचेपर्यंत विसरतं. गोव्यातल्या कुटुंबांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. काही प्रश्न आयसीयूतल्या दिवसांचे आहेत, काही डिस्चार्जनंतरच्या महिन्यांचे. दुसऱ्या भागाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून तो जास्त सविस्तर आहे.

एआरडीएस म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ॲक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम. हा वेगळा जंतू नव्हे की वेगळा रोग नव्हे. शरीरात कुठेतरी मोठा आघात झाला की फुप्फुसं त्याला जो प्रतिसाद देतात, त्याचं हे नाव आहे. 1967 साली ॲशबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 पेशंटांचं वर्णन करताना हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. त्या बाराजणांची मूळ दुखणी वेगवेगळी होती, पण फुप्फुसांची अवस्था एकसारखी होती.

फुप्फुसात कोट्यवधी बारीक वायुकोश असतात. प्रत्येकाची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात ऑक्सिजन सहज उतरतो. एआरडीएसमध्ये या भिंतीला सूज येते, ती गळू लागते आणि प्रथिनयुक्त पाणी वायुकोशांत भरतं. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत सरफॅक्टंट नावाचा निसरडा थर असतो, तोही बिघडतो. काही वायुकोश पाण्याने भरतात, काही मिटून जातात, आणि उरलेल्या थोड्या जागेवर सगळा भार पडतो. छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजू पांढुरक्या दिसतात त्या यामुळेच.

न्यूमोनिया सुधारतोय असं म्हणत होते. मग एकाएकी हे कसं झालं?

जंतू औषधाने मरत असतानाही शरीराने पेटवलेली सूज चालू राहू शकते. मूळ आघातानंतर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि व्याख्येप्रमाणे आठवड्याच्या आत एआरडीएस दिसतो. मलेरियात तर औषध सुरू होऊन ताप उतरल्यावरही श्वास बिघडल्याची उदाहरणं आहेत. म्हणून ताप गेला म्हणजे धोका टळला, असं धरून पेशंटला घाईने घरी नेऊ नका.

गोव्यात कोणत्या आजारांनंतर हा दिसतो?

सगळीकडच्याप्रमाणे न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, हीच मोठी कारणं. त्यात फ्लू आणि कोविडही आले. पावसाळ्यात इथे आणखी काही आजारांचा विचार करावा लागतो. शेतात, मळ्यात, गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होतो, कारण त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. बांधकामांच्या आसपास मलेरिया असतो. झाडाझुडपात वावरणाऱ्यांना स्क्रब टायफस होतो. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग असू शकतो. पेशंटला स्वतःला तो दिसत नाही. अंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना तुम्हाला दिसला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध वेळेवर सुरू झालं तर बाजी पलटते.

समुद्रात किंवा चिऱ्याच्या खाणीत साठलेल्या पाण्यात बुडताना वाचवलेला माणूस, दारूच्या गुंगीत उलटी श्वासनलिकेत गेलेला माणूस, स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेला माणूस, हेही धोक्यात असतात. बुडताना वाचलेला माणूस किनाऱ्यावर उठून बसला, बोलू लागला, तरी खोकला किंवा दम असेल तर त्याला इस्पितळात न्यायलाच हवं. पुढच्या काही तासांत फुप्फुसं बिघडू शकतात.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायच्या गोष्टी: पेशंट शेतात उतरला होता का, सत्तरीच्या रानात गेला होता का, आसपास मेलेलं माकड दिसलं होतं का (माकडतापाची शंका घ्यायला), गेल्या महिन्यात परराज्यातून आला का, रोज किती पितो. यातली शेवटची गोष्ट लपवली जाते. ती लपवू नका. दारू अचानक बंद झाल्याने होणारा भ्रम आणि ऑक्सिजन कमी पडल्याने होणारा भ्रम बाहेरून सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे.

घरी असताना कोणत्या क्षणी थांबायचं नाही?

श्वास मोजा. छाती किंवा पोट वर आलं की एक, असं पूर्ण एक मिनिट. बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 24 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 30 च्या वर असेल, एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस असंबद्ध बोलत किंवा पेंगत असेल, तर 108 ला फोन करा. ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली आकडा आला तर तपासणी हवी. 90 च्या खाली आला तर वाट पाहायची नाही. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचायला वेळ लागतो, तो वेळ हिशेबात धरूनच निर्णय घ्या. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, शेजाऱ्याच्या गाडीत नसतो.

वाफ घेतल्याने नाक मोकळं वाटतं, पण वाफ वायुकोशांपर्यंत पोचत नाही आणि त्यात भरलेलं पाणी तिने सुकत नाही. दमलेल्या माणसापुढे उकळत्या पाण्याचं भांडं ठेवल्याने भाजल्याच्या घटना मात्र होतात.

डॉक्टर रोज ‘रेशो’ सांगतात. तो आकडा कसा समजायचा?

धमनीतून रक्त काढून त्यातला ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि त्याला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतात. निरोगी माणसात हा आकडा 400 च्या वर असतो. समजा पेशंटला 60 टक्के ऑक्सिजन चालू आहे आणि रक्तातला दाब 72 आहे, तर 72 भागिले 0.6, म्हणजे 120. 2012 च्या बर्लिन व्याख्येनुसार 200 ते 300 सौम्य, 100 ते 200 मध्यम आणि 100 किंवा त्याखाली तीव्र.

मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 95 पाहून लोक सुटकेचा श्वास सोडतात. तो 95 किती ऑक्सिजनवर आला हे विचारा. काल 80 टक्क्यांवर 94 होता आणि आज 50 टक्क्यांवर 93 आहे, तर पेशंट सुधारलाय, आकडा एकने उतरला असला तरी.

व्हेंटिलेटर लावला म्हणजे आता काही उरलं नाही का?

ही भीती आम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते आणि तिच्यामुळे निर्णय लांबतात. व्हेंटिलेटर फुप्फुसं बरी करत नाही. मूळ आजारावरचं औषध काम करेपर्यंत आणि सूज ओसरेपर्यंत तो वेळ मिळवून देतो. आधी नाकातली नळी, मास्क, मग मिनिटाला 60 लिटरपर्यंत गरम, दमट ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो यंत्र किंवा घट्ट मास्क लावून दिलेला दाब, हे सगळं बहुधा करून पाहिलेलं असतं. तरीही पेशंट मिनिटाला चाळीस वेळा धापा टाकत असेल तर त्याचे स्नायू थकतात, आणि जोरजोरात ओढलेल्या श्वासाने आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी फाटत जातं. अशा वेळी व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालायला उशीर करणं धोक्याचं.

यंत्राचाही धोका आहेच. जास्त हवा रेटली तर चांगले उरलेले वायुकोश ताणले जातात. 2000 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत दर श्वासाला किलोमागे 12 मिली ऐवजी 6 मिली हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 वर आलं. इथे किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे. वजन वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही, म्हणून उंचीवरून वजन काढतात. 155 सेंमी उंचीच्या बाईचं असं वजन सुमारे 48 किलो भरतं, मग ती प्रत्यक्षात 75 किलोची का असेना. तिला एका श्वासाला सुमारे 290 मिली पुरतात, म्हणजे चहाच्या दोन कपांएवढी हवा.

श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखतात. त्याला पीप म्हणतात. पूर्ण मिटलेला फुगा पुन्हा फुगवायला जोर लागतो, अर्धवट फुगलेल्याला लागत नाही. तेच इथे साधायचं असतं.

पालथं का झोपवलंय? तोंड सुजलेलं पाहवत नाही.

उताणं झोपल्यावर हृदयाचा आणि पोटाचा भार पाठीकडच्या फुप्फुसावर येतो, आणि फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडेच असतो. पालथं केल्यावर तो उघडतो. 2013 च्या एका फ्रेंच-स्पॅनिश चाचणीत गंभीर पेशंटांना दिवसाला किमान 16 तास पालथं ठेवल्यावर 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 33 टक्क्यांवरून 16 वर आले. इतका फरक पाडणारे उपचार या आजारात मोजकेच आहेत.

पेशंट वळवायला चार-पाचजण लागतात; एकजण फक्त नळी धरून डोक्याशी उभा असतो. चेहरा सुजतो तो गुरुत्वाकर्षणामुळे, आणि उताणं केल्यावर एक-दोन दिवसांत ओसरतो. गाल, हनुवटी, गुडघे यांवर दाबाचे व्रण पडू शकतात, म्हणून परिचारिका ठरावीक वेळाने डोकं एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरवतात.

सलाईन बंद केलं, लघवीचं औषध दिलं. उपाशी मारतायत का?

नाही. गळणाऱ्या वायुकोशांत जास्तीचं पाणी उतरतं, म्हणून रक्तदाब स्थिर झाल्यावर पाणी हात राखून देतात. अन्न नाकातल्या नळीतून चालू असतं.

वाचण्याची शक्यता किती?

50 देशांतल्या आयसीयूंचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की इस्पितळात दगावलेल्यांचं प्रमाण सौम्य प्रकारात सुमारे 35 टक्के, मध्यम प्रकारात 40 आणि तीव्र प्रकारात 46 होतं. म्हणजे तीव्र प्रकारातही निम्म्याहून थोडे जास्त वाचले. तुमच्या माणसाचं वय, मूळ आजार, आणि किडनी, यकृत, रक्तदाब कसे आहेत यावर हा आकडा खूप बदलतो. ‘फुप्फुसाखेरीज आणखी कोणते अवयव बिघडलेत?’ हा प्रश्न रोज विचारा. त्याचं उत्तर टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातं.

शुद्धीवर आला, पण भलतंच बोलतो. कुणी मारायला आलंय म्हणतो.

याला डिलिरियम म्हणतात. गुंगीची औषधं, संसर्ग, झोपमोड आणि ऑक्सिजनची कमतरता यांनी मेंदू गोंधळतो. वेड लागलेलं नाही. बहुतेकांचं हे दिवसांत, काहींचं आठवड्यांत निवळतं. भेटीला जाल तेव्हा चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घेऊन जा. ही तीन साधनं नसतील तर शहाणा माणूसही आयसीयूत हरवतो. घरी जी भाषा बोलता त्याच भाषेत, कोकणी असो की मराठी, आज वार कोणता, कुठे आहोत, नळी का होती हे पुन्हा पुन्हा सांगा. ‘असं काही नाही, तुला भास होतोय’ असा वाद घालू नका. ‘मी इथे आहे, तू इस्पितळात आहेस’ एवढं पुरे. जमलं तर एका वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवा. पुढे हरवलेल्या दिवसांचा मेळ लावायला पेशंटला ती उपयोगी पडते.

नळी काढली. आता पेज देऊ का?

गिळण्याची तपासणी होईपर्यंत काहीच नाही, पाण्याचा घोटही नाही. नळी बरेच दिवस राहिली की घसा सुजतो, गिळण्याचे स्नायू सुस्तावतात. पातळ पदार्थ सगळ्यात वेगाने घसरतो आणि श्वासनलिकेत जातो. प्रेमाने पाजलेली सळसळीत पेज म्हणूनच धोक्याची. परवानगी मिळाल्यावर घोटलेला मऊ भात, दाट वरण, मऊ शिजवून कुस्करलेली भाजी अशी सुरुवात करा. ताठ बसवा, अर्धा चमचा द्या, गिळल्याची खात्री करा, मग पुढचा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका. घास घेताना खोकला आला किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला झाला, तर थांबा आणि कळवा.

पुढच्या महिन्यांत प्रथिनं महत्त्वाची. आयसीयूतून बाहेर पडताना वजनाचा पाचवा हिस्सा गेलेला असू शकतो आणि त्यातला बराचसा स्नायूंचा असतो. साधारण किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम माशात सुमारे 20, वाटीभर दाट डाळीत 6-7. शाकाहारी घरात मूग, चवळी, पनीर, दही दर जेवणात हवं. मासा काटे पूर्ण काढूनच द्या. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घरी ऑक्सिजन लागणार म्हणाले. काय तयारी करायची?

मिनिटाला दोन-तीन लिटर लागत असतील तर 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर पुरतो. तो भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, पडद्याला टेकू देऊ नका. मागची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी घाला, ते रोज बदला. विहिरीच्या पाण्याने क्षार साठतात आणि जंतू वाढतात. प्रवाह येतोय का अशी शंका आली तर नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर बहुधा बाटलीचं झाकण सैल बसलेलं असतं.

जून-जुलैत वीज जाते, हे धरूनच चालायला हवं. भरलेला बी-टाइप सिलिंडर घरात ठेवा. त्यात साधारण 1500 लिटर वायू असतो. 2 लिटरने चालवला तर 750 मिनिटं, म्हणजे बारा तासांच्या आसपास. 5 लिटरने फक्त पाच तास. गेजवरचा काटा अर्ध्यावर असेल तर हिशेबही अर्धा. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा. तेलकट हातांनी रेग्युलेटर फिरवू नका; दाबाखालचा ऑक्सिजन आणि खोबरेल तेल एकत्र आले की पेट घेऊ शकतात. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीनही लावू नका, पाण्यातलं जेल मिळतं ते वापरा.

देवघरातली समई, धूप, चतुर्थीची आरती, गॅसची शेगडी यांपासून पेशंट आणि नळी दोन्ही किमान दहा फूट लांब. बिडी-सिगारेट तर घरात कुणीच ओढायची नाही. ऑक्सिजनने भिजलेला कपडा क्षणात पेटतो.

प्रवाह स्वतःहून वाढवू नका. लक्ष्य बहुतेकांचं 92 ते 96, जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असलेल्यांचं 88 ते 92. तुमचा आकडा डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, बोट गरम करा, नेलपॉलिश काढा, आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की मगच नोंदवा. गडद मेंदीनेही आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून सीमेवरचा आकडा आणि वाढलेला दम एकत्र असतील तर दमावर विश्वास ठेवा.

चालायला कधी लागायचं? दम लागला तर नुकसान होईल का?

थोडा दम लागला पाहिजे. दहापैकी तीन-चार एवढा, म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतका. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. मग सोपा, मग अंगण, मग तुळशीवृंदावनाभोवती फेऱ्या. पावसात अंगणात शेवाळ असतं, तेव्हा आतच चाला. या अवस्थेत मोडलेला खुबा सगळी कमाई घालवतो. चालण्याइतकंच महत्त्वाचं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पाचपासून सुरुवात करा. ऑक्सिजन 88 च्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा. हे पुन्हा झालं तर डॉक्टरांना दाखवा.

जिना चढताना ओठांचा चंबू करून श्वास सोडत पायरी चढा, थांबून श्वास घ्या. भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, पंपाची हापशी पहिले तीन महिने दुसऱ्या कुणाकडे द्या.

फुप्फुसं बरी झाली म्हणतात, तरी अंगात जीव नाही. असं का?

टोरंटोतल्या 109 वाचलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला. त्यांची फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत झाली, पण पाच वर्षांनीही सहा मिनिटांत ते अपेक्षित अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांशच चालू शकत होते. कारण स्नायूंत आणि नसांत होतं. वर्षभरानंतर जेमतेम निम्मे कामावर परतले होते. म्हणून घरच्यांनी ‘आता किती दिवस आराम?’ असं विचारणं अन्यायाचं आहे.

चप्पल पायातून निसटत असेल तर पाऊल उचलणारी नस दबलेली असू शकते. खांदा वर जात नसेल तर आत्ताच फिजिओथेरपिस्टला दाखवा, सहा महिन्यांनी तो आणखी आखडतो. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, ते परत येतात. नखांवर आडवी रेघ येते, तीही वाढीबरोबर पुढे सरकते. आवाज घोगरा राहिला आणि महिनाभरात सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अनेक आठवड्यांनी दम उलट वाढू लागला आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तर नळीच्या जागी श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते; दमा समजून पंप मारत बसू नका.

रात्री दचकून उठतो, यंत्राचा बीप ऐकू येतो म्हणतो.

आयसीयूतून आलेल्यांमध्ये हे वारंवार दिसतं. चिंता, उदासी, नावं न आठवणं, पैशांचा हिशेब न जमणं हेही त्यात येतं. शेजारी रात्र जागवलेल्या बायकोला किंवा मुलालाही तोच त्रास होऊ शकतो. महिन्यानंतरही झोप उडालेली असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयात दाखवा, किंवा 14416 या टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी) क्रमांकावर बोला. तो चोवीस तास आणि मोफत आहे.

पुन्हा होईल का? लस घ्यावी का?

पुन्हा होण्याची शक्यता कमी, पण दुसरा न्यूमोनिया अशा फुप्फुसांना जड जातो. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकलची लस घ्या. शेतात उतरताना गमबूट घाला, पायावर जखम असेल तर त्या दिवशी उतरू नका.

डिस्चार्जच्या दिवशी काय मागून घ्यायचं?

नळी घातल्याची आणि काढल्याची तारीख, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत घातलेली नळी) झाली असेल तर तिची. शेवटचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन फिल्म किंवा सीडीसह. ऑक्सिजन किती लिटर, कोणत्या लक्ष्यावर, चालताना वेगळा लागतो का. स्टिरॉइडच्या गोळ्या असतील तर त्या कशा उतरवायच्या याचं तारीखवार वेळापत्रक, कारण त्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब कोसळू शकतो. गिळण्याबद्दलची सूचना. साधारण तीन महिन्यांनी करायच्या फुप्फुसक्षमतेच्या तपासणीची तारीख. त्यात वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी डीएलसीओ तपासणी असेल याची खात्री करा, कारण सगळ्यात उशिरा सुधारतो तो तोच आकडा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर पुढच्या उपचारांपैकी कशाला ते चालेल हे बिलाच्या खिडकीवरच विचारा. आणि श्वास अडला तर रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर कागदावर लिहून घेऊन फोनशेजारच्या भिंतीला चिकटवा.